मुक्त प्रणालीस योग्य अडॅप्टर

मुक्त प्रणालीत माणसाला सर्व प्रकारचं स्वातंत्र्य असतं. वायफाय असेलच असं नाही.

वडील गेल्यावर तिसऱ्या आठवड्यात त्यांच्या संगणकात खोचलेला अंगठ्याच्या पेराएवढा वायफाय अडॅप्टर आईचा झाडू लागून मोडला. संगणकावर लिनक्स, म्हणजे तीच मुक्त प्रणाली. भावाने निकाल दिला, "रविवारी सगळं पुसून नेहमीची सिस्टिम टाकतो. चालेल तरी."

"त्यांनी मांडून ठेवलंय, तू पुसणारा कोण रे?" आई म्हणाली.

लिनक्सवर चालणारा अडॅप्टर शोधायला मला रविवारपर्यंत मुदत मिळाली.

अडॅप्टर निवडण्याची पद्धत शास्त्रशुद्ध आहे. खोक्यावर वेग, हमी आणि हसरं कुटुंब छापलेलं असतं. आत चिप कोणती, एवढंच नसतं. आणि लिनक्सला फक्त चिपशी कर्तव्य. शिवाय खोकं तेच ठेवून कंपनी मधेच चिप बदलते (याला सुधारणा म्हणतात). म्हणून जाणकारांच्या फोरमवर विचारावं. मी सगळी हकीकत लिहून विचारलं. एकोणीस उत्तरं आली. सात जणांनी मलाच चिप विचारली, पाच जणांनी दुसरं लिनक्स घ्यायला सांगितलं, सहा जण आपसांत भांडले. उरलेल्या एकाने 'माझा चालतो' असं कळवून समाधान व्यक्त केलं.

मग दुकान गाठलं.

"यात चिप कोणती?"

"ताई, एकदम ओरिजिनल."

"लिनक्सवर चालेल?"

"सगळ्यावर चालतो. टीव्हीवर पण!"

टीव्हीवर चालत असावा. दुसरा वेगळ्या कंपनीचा घेतला; आतून तो पहिल्याचा सख्खा भाऊ निघाला. तिसरा रविवारी सकाळी खोचला, तेव्हा माझा सख्खा भाऊ पेन ड्राइव्ह घेऊन मागे उभा होता.

"आलं का गं?" आईने स्वयंपाकघरातून विचारलं.

दिवा लुकलुकला. पडद्याच्या कोपऱ्यात हवामान उघडलं. आमच्या गावाचं नव्हे, मी नोकरी करते तिथलं. वडिलांनी लावून ठेवलेलं. तिथे ढगाळ होतं.

"आलं," मी म्हणाले.

भावाने बराच वेळ ते हवामान वाचलं. "राहू दे मग," म्हणाला आणि पेन ड्राइव्ह खिशात घातला.

तिसरा अडॅप्टर नेमका कोणता, हा तुमच्या मनातला प्रश्न रास्त आहे. तिसरा चालला असं कळवल्यावर फोरमवरही बेचाळीस जणांनी तोच विचारला. वडिलांना काय झालं होतं, हे त्यांच्यापैकी कोणी विचारलं नाही. तुम्हीही नाही.