गढीवाले मालकांचा पहाड

ऐन मे महिन्यात, अहमदपूरच्या बाजारात कुत्रीसुद्धा सावली सोडत नाहीत तेव्हा, लोकरीची कानटोपी घातलेला माणूस दिसला तर खुशाल हाक मारा. ते शेषराव गढीवालेच असतात. "मालक, उकडत न्हाई का?" असं कुणी विचारलं की ते त्याच्याकडे कीव केल्यासारखं बघतात. "आमच्या पहाडात टोपी काढली की कान गळून पडतेत," म्हणतात आणि घामानं निथळत पुढे निघतात.

मी इथल्या वाचनालयाचा ग्रंथपाल. वाचनालय पहिल्या मजल्यावर आहे. शेषराव जिन्याच्या मधल्या वळणावर थांबतात, कठडा धरतात आणि वर बघून ओरडतात, "हवा विरळ व्हायली, सर!" मी मान वर न करता सांगतो, "सोंगं पुरे. या निमूट वर." रोजचंच आहे हे.

हा पहाड अहमदपुरात कसा आला तेही सांगतो. माझी त्यात काही चूक नव्हती, हे आधी लिहून ठेवतो.

मध्यंतरी वाचनालयाला पुस्तकांचं एक खोकं भेट आलं. आम्ही मागितली होती स्पर्धा परीक्षांची पुस्तकं. आली ती हिमालयातल्या लोकांच्या चालीरीतींची, लोककथांची, इतिहासाची. काही मराठी, काही हिंदी. धर्माची गाय आणि दात का गं नाय! मी ती मुकाट्यानं कपाटात लावली आणि एका जाडजूड पुस्तकाच्या पाठीवर चिठ्ठी डकवली : 'गढवाल इतिहास'.

शेषराव तोवर फक्त पेपरातलं राशिभविष्य वाचायला यायचे. त्या दिवशी चिठ्ठी बघून जागीच थबकले.

"सर, आमच्या घराण्याचा इतिहास छापला न् आम्हालाच पत्ता न्हाई?"

मी काही बोलायच्या आत त्यांनी खिशातलं पेन काढून 'ढ'ला वेलांटी दिली आणि 'ल'वर मात्रा चढवली. गढवालचं गढीवाले झालं. "लिवताना तेवढी वेलांटी न् मात्रा खाल्ली की तुम्ही," असं वर मलाच सुनावलं.

मी समजावलं. म्हटलं, मालक, हा उत्तराखंडातला मुलुख आहे. तुमची गढी म्हणजे तुमच्या गावाबाहेरचा मातीचा ढिगारा, त्याच्यावर ग्रामपंचायतीनं पाण्याची टाकी बांधलीय. ऐकतील तर शपथ. पुस्तक घरी घेऊन गेले. वाचल्यावर चूक कळली असणारच, पण देशमुखी रक्त ते! परत आले ते छाती फुगवून.

"सर, तिकडं बावन गढ्या होत्या. पुस्तकातच हाय. त्यातली एक भाऊबंदकीत फुटून इकडं आली. लई सोपं हाय की!"

मग त्यांनी अख्खं कपाट वाचून काढलं आणि गावाला शहाणं करायला घेतलं. खाली बब्रुवानचं चहाचं हॉटेल आहे. त्याला बजावलं, "लाल शर्ट घालून माळावर जाऊ नको. आंछरी नेतेत." आंछरी म्हणजे डोंगरातल्या पऱ्या, त्या देखण्या तरुणांना उचलून नेतात. बब्रुवानचा घेर बघता पऱ्यांची काय बिशाद होती! तरी त्यानं लाल शर्ट घालणं सोडलं. एकदा बाजारात समोरून काळी म्हैस उधळत आली, तर शेषराव ओरडले, "उताराकडं पळा! अस्वल चढावर गाठतंय, उतारावर न्हाई!" सपाट रस्त्यावर लोक उतार शोधत राहिले आणि म्हैस निघून गेली.

गाव हसायचं. मीही हसायचो, पण त्यांचं घर मला माहीत होतं. शेषरावांची बायको गेलेली, मूलबाळ नाही. पुतणे पुण्याला स्थायिक झालेले. ते घरातल्या लग्नाची पत्रिकासुद्धा फोनवर ढकलतात. गावात सगळे त्यांना 'मालक' म्हणतात, पण काका, मामा, आबा म्हणणारं कुणीच उरलेलं नाही. ज्यांना भावकी असते ते तिच्यापासून चार हात लांब पळतात. हा माणूस भावकी हुडकत हिमालयापर्यंत गेला होता.

अशात इथल्या बँकेत एक नवा साहेब बदलून आला. नेगी नावाचा, पंचविशीतला, काडीसारखा पोरगा. खरोखरचा गढवाली! बब्रुवान जिना चढून धापा टाकत सांगायला आला.

"मालक, तुमचा भाऊबंद आलाय बघा! उद्या हितंच आणतो त्याला. एकदाचं खरं-खोटं होऊ द्या."

शेषरावांचा चेहरा पडला. त्या पोरानं "ये कौन?" एवढं जरी म्हटलं असतं, तरी बावन्न गढ्या एका दमात कोसळल्या असत्या. राशिभविष्य न वाचताच ते उठून गेले. मला वाटलं, आता काही हे येत नाहीत.

दुसऱ्या दिवशी बब्रुवान नेगीला घेऊन आला. मागोमाग तमाशा बघायला चार रिकामटेकडे. आणि जिन्यावरून कानटोपी वर आली. हातात डबा. आज वळणावर थांबले नाहीत, ओरडलेही नाहीत.

"साब," शेषराव आपल्या दख्खनी हिंदीत म्हणाले, "फाणू लाया. किताब में देख को बनाया. तुम्हारा गहत, हमारा हुलगा. एकीच चीज है."

खाणावळीच्या तिखटानं बेजार झालेल्या नेगीनं त्या हुलग्याच्या पहाडी कालवणाचा भीत भीत एक घास घेतला. मग दुसरा. मग मान खाली घालून तो नुसता जेवतच राहिला. बब्रुवानला दम निघेना.

"साहब, ये मालक बोलते, हम तुम्हारे गढवाल के हैं. सच है क्या?"

सगळे नेगीकडे बघायला लागले. शेषराव मात्र जमिनीकडे बघत होते. नेगीनं एकदा त्यांची घामानं भिजलेली टोपी बघितली, मग पुसून लख्ख केलेला डबा पुढे केला.

"बोडाजी, थोड़ा और मिलेगा?"

बब्रुवान खो खो हसला. "घ्या! बोडका म्हनला की वो मालकाला! टोपीतून दिसलं की काय त्याला!" रिकामटेकडेही हसले. मलाही क्षणभर तसंच वाटलं.

शेषरावांनी हसणाऱ्यांकडे ढुंकूनही बघितलं नाही. नेगीला म्हणाले, "उद्या लाता, बेटा. जादा लाता." आणि माझ्या टेबलाशी आले. टोपी काढून तिनं तोंड पुसायला लागले. ते खरोखरच चकचकीत बोडके होते.

"काय म्हणाला तो?" मी हळूच विचारलं.

"बोडा म्हंजी थोरला चुलता, सर," ते म्हणाले. "पुस्तकात हाय." मग टेबलाची कड धरून उभे राहिले.

"हवा विरळ व्हायली, सर."

मी उठलो आणि माझी खुर्ची त्यांच्याकडे सरकवली.