श्रीपतरावांचे पांढरे रुमाल

आमचे शेजारी श्रीपतराव पाहुण्याला चहाच्या आधी मळका रुमाल दाखवत.

रुमाल मुळात पांढरा, सुलतान बाजारातून डझनावारी आणलेला. रोज सकाळी ते एक कोरा रुमाल रस्त्याकडच्या गॅलरीत टांगत. संध्याकाळी काजळलेला काढून त्याच्या कोपऱ्यात पेन्सिलीने वार आणि तारीख घालत. कपाटात असे एकशे बारा होते. मी स्वतः मोजले आहेत. "पुरावा पाहा, साहेब," म्हणत ते एकेक उलगडत.

नव्वदनंतरची ती वर्षं. हप्त्यावर गाड्या मिळू लागल्या होत्या. विद्यानगरच्या आमच्या गल्लीत तीन स्कूटर होत्या, त्या चार वर्षांत एकोणीस झाल्या. त्यांतली एक माझी. श्रीपतराव सगळ्यांना कोपऱ्यावरच इंजिन बंद करायला लावत. तिथून माझ्या फाटकापर्यंत एकशे चाळीस पावलं गाडी ढकलायची!

समोरचे खानसाहेब एकदा चिडले. "गाडी है या बकरी, श्रीपतराव? रस्सी बांधके लाऊं क्या?"

"बकरी धुआँ नै छोडती, खानसाब."

हे सगळं कमलाबाईंसाठी, त्यांच्या पत्नीसाठी. त्यांना दमा होता. दोन वाक्यं बोलल्या की तिसऱ्यासाठी खुर्चीचा हात धरावा लागे. शेवटी डॉक्टर म्हणाले, या धुरातून हलवा. श्रीपतरावांच्या नोकरीची तीन वर्षं उरली होती, म्हणून ते एकटेच मागे राहिले आणि कमलाबाईंना उदगीरला भावाकडे पोचवून आले. "बरं झालं, घर शांत झालं," असं गल्लीभर सांगत फिरले.

दोनेक महिन्यांनी, एका रविवारी, एसटीडी बूथवर मी त्यांच्या मागे उभा होतो. कमलाबाईंचा आवाज माझ्यापर्यंत येत होता.

"डाळ शिजवता, की रोज इडलीच आणता? अभ्रे बदलले का? बीपीची गोळी घेता का? मला खोटं सांगू नका. आवाजावरून कळतं मला. दिवाळीला मी येतेच. दादाला तिकीट काढायला सांगितलंय."

"काही नको. मजेत आहे मी. तू आलीस की कटकट सुरू."

फोन ठेवला, तरी रिसीव्हरवरचा हात त्यांनी काढला नाही.

"श्रीपतराव, चार दिवस तरी येऊ द्या त्यांना," मी म्हणालो. "तुम्हाला करमत नाही."

"नाहीच करमत," ते म्हणाले. "पण ऐकलंत ना? सलग सात वाक्यं रागावली. मध्ये एकदाही थांबली नाही."