उणे ऐंशी आणि अध्यक्षांचा कूलर

सत्कार डॉ. रविता पटलेंचा होता, पण कूलरचं तोंड संस्थेच्या अध्यक्षांकडे होतं. गोंदियाचा मे महिना, आणि कॉलेजच्या हॉलमधला विजेचा बोर्ड सकाळीच जळालेला.

"लॅबमधून लाइन खींच ना," प्राचार्य टेकचंदजी शिपाई कवडूवर खेकसले. "अध्यक्षजी पसीने में भाषण देंगे क्या?"

लॅबमध्ये धड चालणारा प्लग एकच. त्यावर रविताचा उणे ऐंशी अंशांचा फ्रीजर. आत दोनशे बारा नळ्या. तंबाखू-सुपारीचा खर्रा खाऊन ज्यांचं तोंड आखडत चाललंय, त्यांच्या गालातले बारीक तुकडे, कॅन्सर होण्याआधी काढलेले. पेशीतला डीएनए रोज तुटतो, पेशी तो रोज सांधते. हे सांधणं कुठे बंद पडतं, ते रविता चार वर्षं शोधत होती. त्यातल्या एकोणीस जणांना पुढे कॅन्सर झाला. त्यांचा आधीचा तुकडा आता जगात फक्त त्या फ्रीजरमध्ये होता. एक्केचाळीस नंबरची नळी खुद्द कवडूची.

कवडूने प्लग काढला. "दहा मिनटाचं भाषण. तेवढ्यात का पिघलते?"

अध्यक्ष लीलाधरजी पावणेदोन तास बोलले. गालात खर्रा धरून, कॅन्सरवर. "हमारी बेटी ने कैंसर की दवा खोज ली!" टाळ्या. रविताने कसलंही औषध शोधलं नव्हतं, पण ते सांगायला माइक कोण देतो? आपल्याकडे माणसाने काम केलं की त्याला शाल पांघरतात आणि गप्प बसवतात.

तेवढ्यात लॅबमधून टीं-टीं सुरू झालं. रविता ताडकन उठली.

"मॅडम, बसा! अध्यक्षजी बोलून राहिले ना," टेकचंदजी दातओठ खात म्हणाले. "कवडू, वो टीं-टीं बंद कर."

कवडूने इमानदारीने अलार्मचं बटण दाबलं आणि दारातून हात हलवला. झालं! रविता बसली. बसली, हे तिचंही चुकलं.

कार्यक्रम संपला. मंडपवाल्याने कूलर उचलला. कवडू प्लग लावायला लॅबकडे वळला, तोच टेकचंदजी ओरडले, "अरे, पहले मॅडमचे हार घरी पोचव. सुकून जातील."

हार सुकू नयेत म्हणून कवडू गाडीवर कुडव्याला, रविताच्या घरी गेला. रविताने त्याला चहा दिला.

"कवडूभाऊ, तो आवाज?"

"आता काहीच आवाज नाही जी."

शनिवार होता. सोमवारी लॅबच्या फरशीवर पाणी होतं आणि नळ्या हाताला कोमट लागत होत्या.

टेकचंदजींनी फ्रीजर चालू करून पाहिला. "मशीन तो ठीक है. मग रडून कायले राहिल्या?"

"सर, चार वर्षं गेली माझी."

"अरे मॅडम, तुमचा विषयच दुरुस्ती. करून घ्या दुरुस्त!" ते स्वतःच हसले. "आणि लाइन गेली होती, असं लिहून द्या. अध्यक्षजींचं नाव नको."

ते गेल्यावर कवडू स्टूल ओढून बसला. "चुकलं जी माहं. माहा नवीन तुकडा घेऊन घ्या. आताच घ्या."

नव्या तुकड्याने जुना परत येत नाही, हे त्याला कसं सांगायचं? तिने हातमोजे चढवले.

"तोंड उघडा."

चार वर्षांपूर्वी त्या तोंडात तिची तीन बोटं उभी मावली होती. आज एकच गेलं.

"अजून उघडा, भाऊ."

"एवढंच उघडते जी."

तिने बॅटरी मारली. गालाच्या आत पांढऱ्या चट्ट्याच्या कडेला लालभडक गाठ होती. विसावा माणूस समोर बसला होता, आणि त्याचा आधीचा तुकडा त्याच्याच हातून गेला होता.

"हे कधीपासून आहे?"

"महिना झाला असंल. गरम झोंबते. परवा तुमच्या घरचा चहाही झोंबला."

"मग तेव्हाच काऊन नाही सांगितलं?"

कवडू ओशाळून हसला, जमेल तेवढा.

"कसं सांगू जी? तुमचा सत्कार होता ना."