दीड तासात गोंदिया

आचऱ्याचे दाजी एकदा बोलले की बोलले! ब्रह्मदेव आला तरी ‘बस थयसर’ म्हणून तिथेच बसवून त्यालाच चार गोष्टी समजावतील.

मुलगा मंगेश गोंदियाला नोकरीला. त्याला मुलगी झाली, रविवारी दुपारी बारसं ठरलं. नाव ठेवायला आत्या हवीच, म्हणून धाकटी तन्वी कणकवलीच्या कॉलेजातून रजा घेऊन आली. दाजींच्या बायकोने, सुगंधाकाकूंनी, रेल्वेचा विषय काढला मात्र, दाजींनी मोबाइल त्यांच्या नाकासमोर धरला.

“वाच! चिपी ते गोंदिया. हवेतून साडेनवशे किलोमीटर, दीड तास! रेल्वेत हाडां खिळखिळी करून घेवची कित्याक?”

“पण तिकटी काढलात मा?”

“थयसर गेल्यार मिळतली! ता माझ्यार सोड!”

रविवारी सकाळी दाजी चिपीच्या विमानतळावर उतरले ते कोट घालून. वर हवेत थंडी असते ना! सोबत नारळाचं पोतं आणि गरोदर बाईसारखा फुगलेला फणस. दारावरच्या जवानाने तिकीट मागितलं.

“गोंदियाची तीन द्या!”

“गोंदियाला इथून विमान नाही, काका.”

“नाही कसं? हे बघा!”

तन्वीने मोबाइल ओढून घेतला, खालपर्यंत वाचलं आणि कपाळाला हात लावला. “बाबा, ह्यां नुसता अंतर मोजलेला आसा! विमान सरळ उडाला तर किती वेळ लागात, तेवढाच! विमान आसा असा खंय लिवलाहा?”

सुगंधाकाकू फणसावरच बसायला निघाल्या होत्या, काटे आठवले म्हणून वाचल्या. “आता नातीचा नाव कोण ठेवतला? कावळो?”

पण हरतील ते दाजी कसले! बारशाच्या वेळेला त्यांनी थेट विहीणबाईंना फोन लावला.

“मोबाइल बाळाच्या कानाला लावा! आत्या इथून नाव सांगेल! स्पीकर चालू करा!”

विमानतळाबाहेरच्या उघड्या सड्यावर वारा असा घोंघावत होता, जणू तोच विमान चालवतोय. तन्वीने फोन ओठांशी धरला, “कुर्रर्र” केलं आणि ‘रेवा’ म्हणण्यासाठी श्वास घेतला. तेवढ्यात पलीकडून विहीणबाईंनी विचारलं, “अहो, पण तुम्ही आहात तरी कुठे?”

तन्वीच्या खांद्यावरून दाजी गरजले, “चिपी! चिपी!”

पलीकडे एकच जल्लोष! मंगेश मांडवातून “अहो थांबा, थांबा!” ओरडत धावला, पण तोवर बायकांनी पाळणा धरलासुद्धा: “जो बाळा जो जो, चिपीबाळा जो जो!” आणि फोन कटला.

नाव सांगणाऱ्या आत्याच्या पाठीत धपाटे घालायची रीत असते. सुगंधाकाकूंनी ती पाळली, फक्त पाठ दाजींची निवडली!

शेवटी रेल्वेनेच, दोन गाड्या बदलून, तिघं गोंदियाला पोहोचली. बाळाच्या जन्मदाखल्यावर रेवा लिहून झालं होतं, पण अख्खी गल्ली तिला चिपीच म्हणत होती.

“किती गोड नाव हो, आजोबा!” शेजारीण म्हणाली. “कुठून सुचलं?”

दाजींनी कंबर धरत हळूच खुर्ची गाठली.

“त्याला जरा अभ्यास लागतो!”