हातभर लेन्स आणि लाल सँडल

लेन्स छोटी न्यायची की मोठी, एवढाच प्रश्न होता. पण तो गाथोनीने सोडवला आणि तिथूनच सगळी गंमत सुरू झाली.

ओल कालूच्या बाजारात तिच्या नवऱ्याचा, मुचिरीचा, फोटो स्टुडिओ होता. स्टुडिओ म्हणजे एक निळा पडदा, एक स्टूल आणि 'हसू नये' अशी पाटी. सात वर्षं बिचारा ओळखपत्रांचे फोटो काढत आला होता. (सात वर्षांत एकही माणूस हसला नाही. फोटो बघितल्यावर तर नाहीच नाही.) आणि अचानक एका लग्नाचं काम चालून आलं! तेही वान्जेरीबाईंच्या थोरल्या लेकीच्या, न्यागुथीच्या लग्नाचं. बाईंच्या आणखी चार मुली लग्नाच्या होत्या, आणि त्यांच्या बचत गटातल्या बायकांच्या मिळून सतरा. फोटो आवडले तर डिसेंबरपर्यंत दर शनिवारी लग्न. नाही आवडले तर निळा पडदा जन्माला पुरला.

गाथोनीला आनंदाने घास गोड लागे आणि काळजीने गिळवेना. गिचुकीला पाठीशी बांधून ती नवऱ्याबरोबर नैरोबीला सामान भाड्याने आणायला गेली. (गिचुकी म्हणजे तिचं नऊ महिन्यांचं बाळ. रिवाजाप्रमाणे त्याला सासऱ्यांचं नाव ठेवलेलं. त्यामुळे त्याने कितीही केस ओढले तरी त्याला ओरडायची चोरी.)

दुकानदाराने एक बुटकी लेन्स पुढे केली. "लग्नाला हीच न्या. मंडपात उजेड कमी असला तरी फोटो झकास येतो. फक्त जवळ जाऊन काढायचा."

'जवळ' म्हटल्याबरोबर गाथोनी नवऱ्याच्या आणि लेन्सच्या मधे येऊन उभी राहिली. मुचिरी जवळ गेला की काय होतं, ते तिला पक्कं ठाऊक होतं. चर्चमधल्या एका कार्यक्रमात तो जवळ जाता जाता पाद्रीबाबांच्या झग्यावर उभा राहिला होता, आणि पाद्रीबाबा पुढे निघाले होते.

"आणि ती हो?" तिने वरच्या फळीकडे बोट दाखवलं. तिथे चांगली हातभर लांब, पांढरीशुभ्र लेन्स होती.

"ती? अहो बाई, ती लोक सिंहाचे फोटो काढायला नेतात."

"सिंह अंगावर येऊ नये म्हणूनच ना? मग नवरीच्या आत्या काय कमी असतात? हे लांब उभे राहिलेलेच बरे."

"अगं पण, मला ती बुटकीच..." मुचिरी म्हणाला.

"तुमचं मेलं काहीतरीच! एवढी मोठी लेन्स बघून लोक आपोआप मान देतील."

झालं. लेन्स मोठी ठरली.

शनिवारी वान्जेरीबाईंच्या अंगणात मंडप उभा राहिला, बोकडाचं मांस निखाऱ्यावर चढलं, बटाटे-मका कुस्करून केलेल्या मुकिमोची पातेली वाफाळू लागली. मुचिरीने लेन्स बाहेर काढताच खरोखरच सगळे "अबब!" म्हणाले. गाथोनीची छाती फुगली. मुचिरीने डोळा लावला आणि म्हणाला, "गिचुकीची आई, मला फक्त एक कान दिसतोय."

"मागे सरा की मग!"

तो मागे सरला. अजून सरला. मंडप सोडला, पाण्याची टाकी ओलांडली आणि शेवटी बटाट्याच्या वाफ्यात उभा राहिला. तिथून त्याला एका वेळी एक अख्खा चेहरा दिसू लागला. (माणूस हललं नाही तर.)

तेवढ्यात नवरदेव तिथे आला. किहारा सर, शाळेत गणित शिकवणारे, पण आज घामाने डबडबलेले. "मुचिरीभाऊ, वाचवा! बायका न्यागुथीला आणि इतर पोरींना डोक्यापासून लेसोच्या रंगीत कापडात गुंडाळून रांगेत उभं करतील. त्यातून मी नवरी ओळखायची! माझी नवरी चुकली तर बोकड द्यावा लागेल, तो देईन हो. पण तिच्या आत्या माझ्यावर गाणं रचतील. ते गाणं माझ्या वर्गातली पोरं म्हणतील!"

"मग मी काय करू सर?"

"एवढी मोठी दुर्बीण आहे तुमच्याकडे! मी खऱ्या नवरीपुढे आलो की फ्लॅश मारा. बस्स."

मुचिरी विरघळला. (तो कुणापुढेही विरघळतो. तसाच तो लग्न ठरवताना गाथोनीच्या वडिलांपुढे विरघळून देजात दोन बकऱ्या जास्त देऊन आला होता.) आता लेसोत गुंडाळलेली बाई ओळखायची कशी? गाथोनीलाच हुरूप आला. ती गिचुकीला घेऊन बायकांच्या खोलीत शिरली आणि दोन मिनिटांत धावत बाहेर आली.

"लाल सँडल! सोनेरी बक्कल! लेसो घोट्यापर्यंतच येतो, तुम्हाला पाय दिसतील!"

आपण काय हुशार, असं मनाशी म्हणत ती पुन्हा आत गेली. दारातच नवरीच्या आत्याने तिचा दंड धरला.

"ए पोरी, तू आमच्या न्यागुथीएवढीच दिसतेस. आमची एक मुलगी मटाटूच्या गाडीत वाटेतच अडकलीये, रांगेत एक कमी पडतेय. चल, उभी राहा!"

"अहो पण माझं बाळ..."

"बाळ मी धरते. आणि हे बघ," आत्याने डोळा मारला, "तो मास्तर गणिताचा आहे. तो पायांवरून हिशोब काढणार. न्यागुथी, काढ तुझी सँडल. हिच्या पायात घाल, हिच्या चपला तू घे."

गाथोनीने "नको" म्हणायला तोंड उघडलं आणि तोंडावर लेसो आला. त्यावर आणखी एक आला.

बाहेर गाणी सुरू झाली. सहाजणी एकमेकींचा हात धरून, पावलं टाकत अंगणात आल्या. रांगेत उभं राहिल्यावर हूं की चूं करायचं नाही, हा नियम. लेसोच्या आत गाथोनीला दरदरून घाम फुटला. देवा, ह्यांचा फ्लॅश चालू नये. देवा, ढग यावेत. देवा, ह्यांना बटाट्यावरून ठेच लागावी!

किहारा सरांची पावलं जवळ आली. पहिलीपुढून गेली. दुसरीपुढून गेली. गाथोनीने गुडघे वाकवले, म्हणजे लेसो खाली येऊन सँडल झाकली जाईल. ती बसत चालली तसे बघे ओरडले, "बघा, बघा, नवरी लाजली!"

आणि लखकन उजेड पडला. एकदा नाही, तीनदा. (एरवी एका हाकेला ओ देत नाहीत, आज तीनदा!)

त्याच वेळी आत्याच्या कडेवरच्या गिचुकीने भोकाड पसरलं आणि दोन्ही हात बरोबर गाथोनीच्या दिशेने पसरले. सगळ्या बायकांना कळलं. म्हाताऱ्यांना कळलं. मांस भाजणाऱ्याच्या हातातला चिमटा थांबला. कळलं नाही ते फक्त नवरदेवाला आणि वाफ्यातल्या माणसाला.

"हीच माझी न्यागुथी!" किहारा सरांनी गाथोनीचा हात धरला आणि लेसो वर केला.

समोर घामाने निथळणारी फोटोवाल्याची बायको!

बायकांनी जिभा हलवून अशी ललकारी दिली की कोंबड्या कुंपणापलीकडे गेल्या. "बोकड! बोकड!" नवरीचे काका नाचू लागले. आत्याने तर गाणं तिथल्या तिथे रचलं. आणि वाफ्यातून फ्लॅश चालूच होता.

"अहो गिचुकीचे बाबा, बास करा! मी आहे मी!" गाथोनी किंचाळली.

मुचिरीने कॅमेऱ्यावरून डोळा काढला, पुन्हा लावला आणि लेन्स पोटाशी धरून पळत आला. "मला फक्त नाक दिसत होतं गं! मी म्हटलं, वा, नवरीचं नाक अगदी आपल्या हिच्यासारखं आहे!"

किहारा सरांना दुसऱ्यांदा नवरी शोधावी लागली. या खेपेला फ्लॅश लागला नाही. गाथोनीच्या तारेने शिवलेल्या चपला घालून रांगेत चौथी उभी असलेली न्यागुथी हसून हसून अशी हलत होती की तिचा लेसो आपोआप घसरला.

सोमवारी वान्जेरीबाई स्टुडिओत आल्या. गाथोनीने गिचुकीला छातीशी घट्ट धरलं. मुचिरीने एकेक फोटो पुढे ठेवला: नाकं, कानातले डूल, एक सोन्याचा दात, काकांची नाचणारी अर्धी टोपी. अख्खा चेहरा फक्त एकाच फोटोत आला होता. नवरदेवाचा मोठ्या प्रेमाने पुढे आलेला हात आणि समोर, खाली वाकलेली गाथोनी.

बाईंनी तो फोटो उचलून डोळ्यांजवळ नेला. मग त्यांचे खांदे हलायला लागले. त्या स्टुलावर बसल्या आणि पाटीखालीच पोट धरून हसल्या. सात वर्षांतलं स्टुडिओतलं पहिलं हसू!

"माझ्या अंगणात एवढी मजा कधी आली नव्हती. गटातल्या सगळ्या बायका तुमच्याचबद्दल बोलताहेत. येत्या शनिवारी माझ्या दुसरीचं लग्न आहे. याल ना?"

गाथोनीला रडूच आलं. "येऊ ना बाई! आणि या वेळी ती बुटकी लेन्स आणू, मी शब्द देते!"

"लेन्स कुठलीही आणा." वान्जेरीबाई उठल्या आणि त्यांनी गिचुकीचा गाल कुरवाळला. "पण याला मात्र नक्की आणा. लेसोतली बाई ओळखणारं तुमच्या घरात हे एकटंच आहे. तुम्ही दोघं आलात तरी चालेल."