हुबेहूब डरकाळीच्या शोधात नाना

कोपरगावात वसंतनानाला "कसं काय, नाना?" असं विचारायची सोय नाही. माणूस तब्येत सांगतो, पण डायनासोरच्या भाषेत. "आज तिसऱ्या कॅसेटीगत झालंय, गुर्जी. चित्र बरं हाय, आवाज बसलाय." म्हणजे सर्दी. "सीडीवानी हाय" म्हणजे गुडघे धरलेत, उठायला वेळ लागतो. एकदा भर लग्नात नवरदेव मांडवात आला, तर नानाने त्याला बुटापासून फेट्यापर्यंत न्याहाळलं आणि वधूपित्याच्या कानात सांगितलं, "जनावर तेच हाय, फक्त रंग कमी टाकल्यात." वधूपिता त्या दिवसापासून नानाच्या दुकानासमोरून जाताना मान दुसरीकडे करतो, आणि त्यामुळे दोनदा गटारात पडला आहे.

नानाचं घराला लागूनच मोटार रिवाइंडिंगचं दुकान आहे. उसाला पाणी देता देता जळलेल्या मोटारी त्याच्याकडे येतात, तो आतली जळकी तार काढून नवी भरतो. माझी मोटार इतक्या नेमाने जळते की नाना तिला माहेरवाशीण म्हणतो. ती आली की चार दिवस ठेवून घेतो, आणि ते चार दिवस मीही तिच्यासोबत तिथेच. मी निवृत्त मास्तर, मला दुसरा उद्योग नाही. म्हणून हे सगळं मला माहीत आहे. बाकी गाव नानाला फक्त वेडा समजतं.

पंचवीसेक वर्षांपूर्वी नाना आणि त्याचा धाकटा भाऊ शिवा यांनी बसस्टँडच्या मागे गेमचं पार्लर काढलं होतं. त्यात पुरुषभर उंचीची एक लाकडी पेटी होती. वर पडदा, खाली दोन दांडे आणि बटनं. पडद्यावर डायनासोर मारामारी करायचे. सोबतीला एक-दोन अवाढव्य वानरं. त्यांच्या पायाशी बोटभर माणसं लोटांगण घालायची, आणि भूक लागली की डायनासोर त्यातलीच दोन-चार उचलून खायचा. मी तेव्हा वर्गात नागरिकशास्त्र शिकवायचो. एवढ्या स्पष्टपणे मला ते कधी मांडता आलं नाही. डरकाळी तर अशी की स्टँडवर उभी असलेली येवल्याची गाडी ड्रायव्हर नसताना मागे सरकायची. खोटं वाटत असेल तर वाटू द्या. सरकलेली गाडी मी स्वतः ढकलून जागेवर आणली आहे.

दुपारी पार्लर रिकामं असलं की दोघे भाऊ खेळायचे. नानाचा लाल डायनासोर, त्याचं नाव लाल्या. शिवाचं वानर, ते हुप्प्या. हुप्प्या लाल्याला लाथांनी तुडवायचा आणि नाना बटनांना शिव्या द्यायचा. "तुझ्या बाजूचं बटन नवं हाय!" "मग बाजू बदल की दादा!" बाजू बदलायची, नाना पुन्हा मार खायचा, मग दांडा ढिला असायचा.

पुढे हाच खेळ कंपनीने घरच्या टीव्हीला जोडायच्या मशिनांसाठी काढला. दर मशिनाचा वेगळा, कुठे कॅसेटीत, कुठे सीडीवर, आणि दर ठिकाणी काहीतरी गळालेलं. नाना आता हे सगळे प्रकार गोळा करतो. जुन्या बाजारातून, मोबाईलवरून, कुठून कुठून. दुकानामागच्या खोलीत नऊ आहेत. एकात डायनासोर इतका बारका की कुत्र्याने उचलून न्यावा. एकात रक्ताऐवजी घाम उडतो. एकात खालची माणसंच नाहीत, "भक्त न्हाई तर देव काय कामाचा, गुर्जी?" सीडीचा प्रकार चालू व्हायला इतका वेळ घेतो की मी एकदा मध्येच शेतावर जाऊन एक वाफा भिजवून आलो. तोवर डायनासोर उभाच राहत होता. खिशात मावणाऱ्या एका यंत्रावर तर सगळं करडं, आणि दोन पाली भांडतायत असं चित्र.

नानाला एकच हवं होतं. त्या पेटीसारखा हुबेहूब प्रकार. त्यातही डरकाळी. "डोळं मिटा," म्हणायचा. मी डोळे मिटायचो. तो एक डरकाळी ऐकवायचा, मग दुसरी. "कुठली जवळ?" मी म्हणायचो, दुसरी. "शेपटाला कमी पडतीय," तो म्हणायचा. डरकाळीला शेपूट असतं हे मला सत्तराव्या वर्षी कळलं. मला त्यातलं इतकं कळायला लागलं की एके दिवशी मी न्हाणीत गळा साफ करत होतो, तर बाहेरून बायको म्हणाली, "ही कितवी कॅसेट?"

पण मूळ मशीन गेलं कुठे? तर ते वाटणीत गेलं.

आपल्याकडची रीत अशी की थोरल्याने वाटे पाडायचे आणि धाकट्याने आधी उचलायचं. म्हणजे थोरला लबाडी करत नाही. नानाने जमिनीचे दोन वाटे केले, भांड्यांचे केले, घराच्या मधून भिंत घातली. शेवटी उरलं गेमचं मशीन. पंच म्हणाले, एकाने ठेवा, दुसऱ्याने बदल्यात शेळी घ्या. नाना म्हणाला, न्हाई. पाना आणून त्याने सगळ्यांदेखत मशीन खोललं. एका बाजूला पडद्यासकट पेटी, दुसऱ्या बाजूला आतला बोर्ड, म्हणजे ज्यात सगळे डायनासोर राहतात ती हिरवी पाटी. "उचल, शिवा." शिवाने बराच वेळ भावाकडे पाहिलं आणि पेटीवर हात ठेवला. पंचांनी कपाळावर. एवढं मूर्ख वाटप जिल्ह्यात झालं नसेल, असं मी त्या काळात राहात्यापासून श्रीरामपूरपर्यंत सांगत फिरलो.

पुढे विहिरीच्या पाळीवरून दोघांत वाजलं. एक दिवसाचं पाणी इकडे का तिकडे. बोलणं तुटलं ते तुटलंच. शिवाच्या पेटीत कोंबड्या बसू लागल्या. पडद्याखालच्या फळीवर एक तांबडी नेमाने अंडं घालायची. नाना ते भिंतीवरून बघायचा आणि त्या दिवशी भरलेल्या मोटारी हमखास पुन्हा जळायच्या.

दोन वर्षांपूर्वी शिवाची बायको, मंदा, दुकानात आली. मी माहेरवाशिणीपाशी बसलेलो. मंदा उंबऱ्यातूनच म्हणाली, "भावजी, त्यांनी सांगितलंय. कोंबड्या हलवल्या. पेटी धुऊन पुसून ठेवलीय, पडदा लागतोय. बोर्ड घेऊन या म्हणले. एकदा लावून बघू."

नानाने मान वर केली नाही. म्हणाला, "बोर्ड माझ्या वाट्याचा हाय. माझी मर्जी हुईल तवा येईल."

ती गेली. मी नानाला सोडला नाही. "नाना, तू माणूस आहेस का खांब? भाऊ स्वतःहून हात पुढं करतोय—"

"गुर्जी, बोर्ड मेलाय."

तो उठला, फळीवरची पत्र्याची पेटी खाली काढली, आतून जुन्या लुगड्यात गुंडाळलेली ती पाटी काढली. एका कोपऱ्यात हिरवं बुरशीसारखं साचलेलं, आणि बाकी ठिकाणी काळे डाग.

"त्यात एक बारका सेल असतोय. तो पाझरला. कुणाला दाखवायची लाज वाटली, मग मीच बसलो. मोटारीचा हात माझा. ही नाजूक वस्तू. कथलाचा डाग देता देता समदं जाळून टाकलं." मग पाटी पुन्हा गुंडाळत म्हणाला, "मी वाटणी मुद्दाम तशी केल्ती. म्हणलं, एकाकडं पेटी, एकाकडं बोर्ड, म्हंजे खेळायला दोघं लागतीलच. काय बी झालं तरी लागतीलच."

जिल्हाभर सांगितलेलं ते 'मूर्ख वाटप' मी तिथल्या तिथे मागे घेतलं. माझ्या आयुष्यात हा प्रसंग फार वेळा आलेला नाही.

तर बेत असा होता. बोर्डाच्या जागी घरचं मशीन पेटीत आतून बसवायचं आणि बोर्ड म्हणून सांगायचं. शिवाला कळता कामा नये. "त्याचा कान लई तिखट. इवलासा फरक पकडंल. आन पकडला की इचारंल, बोर्ड कुठाय?" म्हणून हे नऊ प्रकार, आणि म्हणून मी डोळे मिटून बसत होतो.

नववा प्रकार आला तेव्हा मी खुर्चीतून उठलो. तीच डरकाळी. शेपटासकट. मी म्हणालो, "नाना, झालं. उद्या जा."

"पाय आपटल्याचा आवाज पोकळ हाय."

"अरे, पाय कोण ऐकतंय!"

"शिवा ऐकंल." त्याने दहावा मागवला होता. तो आला की बघू म्हणाला. दहावा येईना. पावसाळा गेला, मी रोज म्हणायचो जा, तो रोज पाय ऐकत बसायचा.

हंगामासाठी साखर कारखान्याचा बॉयलर पेटला त्या आठवड्यात शिवा उसात पडला. मंदाला वाटलं, बसलाय. दुपारी जेवायला हाक मारली तेव्हा कळलं. नाशिकला नेलं, महिन्याने आणलं. उजवं अंग गेलेलं, बोलणं गेलेलं. डॉक्टर म्हणाले, समजतं किती ते सांगता येणार नाही.

सगळं गाव बघून आलं. नाना गेला नाही. लोक काय काय बोलले ते मी इथे लिहीत नाही, कारण त्यातलं थोडं मीच बोललो होतो. तो दुकान अर्धं लावून आत काहीतरी करत बसला होता. चौथ्या दिवशी दुपारी त्याने मला हाक मारली. टीव्ही माझ्या हातात दिला आणि स्वतः एक पिशवी घेतली. भिंतीला वळसा घालून आम्ही शिवाच्या दारात गेलो. इतक्या वर्षांनी, आणि अंतर वीस पावलांचं.

मंदाने वाट दिली. शिवा खाटेवर उशांना टेकून बसवलेला. नानाने त्याच्याकडे पाहिलं नाही. आधी टीव्ही स्टुलावर ठेवला, पिशवीतलं एक घरचं मशीन काढून त्याला वायरी जोडल्या. मग पिशवीतून एक लाकडी फळी काढली. तिच्यावर त्याने एक दांडा आणि एकच मोठं बटन बसवलं होतं, मोटारीच्या स्टार्टरला असतं तसलं. ती शिवाच्या डाव्या मांडीवर ठेवली आणि डावा हात उचलून बटनावर नेला.

मी हळूच विचारलं, "कुठला आणलास? नववा?"

"हाताला लागला तो."

टीव्हीवर डायनासोर ओरडला. कुठल्या तरी कॅसेटीचा, बसक्या गळ्याचा. डरकाळी अर्ध्यातच तुटली. मी शिवाच्या तोंडाकडे पाहिलं. काही हललं नाही.

"शिवा," नाना टीव्हीकडे बघत म्हणाला, "बोर्ड मेला रं. माझ्याच हातनं जळला. लई वर्सं झाली. तुला सांगायला तोंड न्हवतं मला."

मंदा चहाचे कप घेऊन दारात होती, ती तशीच उभी राहिली. शिवा पडद्याकडे बघत होता. ऐकलं का नाही, कोण सांगणार? त्याचा हात बटनावर पडलेला होता, त्याच्या वजनानेच बटन दाबलं जात होतं, सुटत होतं. हुप्प्या पडद्याच्या एका टोकाला उभा राहून हवेत लाथा मारत होता. समोर कोणीच नव्हतं. एक लाथ, थोडी थांबून दुसरी.

दुसऱ्या टोकाला लाल्या नुसता श्वास घेत उभा.

नानाने नाक पुसलं, स्वतःचा खेळायचा रिमोट दोन्ही हातांत घट्ट धरला आणि लाल्याला चालवत पुढे नेलं. अगदी हळू, एकेक पाऊल, लाथ लागेल इतकं जवळ.