पिंपळ डाव्या हाताला ठेवा

खैरनार सरांना पत्ता विचारण्याची चूक पंचवटीत फक्त नवखा माणूसच करायचा. "रामकुंड ना? पिंपळ डाव्या हाताला ठेवा. बाकी कसेही जा, रस्ता एकच!" आता आमच्या गल्लीतून फुटणारे बोळ पाच. बिचारे यात्रेकरू पिंपळाला उलटी प्रदक्षिणा घालून परत आमच्याच दारात उभे राहायचे. मग मी त्यांना पाणी द्यायची आणि नीट रस्ता सांगायची.

सर आमच्या समोरच राहायचे. गल्लीतल्याच शाळेत गणित शिकवून निवृत्त झालेले. त्यांचा लाडका विषय टोपॉलॉजी, म्हणजे मोजपट्टी न लागणारं गणित. कोण कुणाला लागून आहे आणि मध्ये भोक कुठे आहे, एवढंच बघायचं. मेदूवडा आणि बांगडी त्यांच्या लेखी एकच. त्यांच्या बायकोनं, आमच्या काकूंनी, वडे तळले की "दोन बांगड्या आण गं" अशी ऑर्डर समोरून ऐकू यायची.

एके दिवशी सरांनी गल्लीतल्या अकरा खिडक्यांना साबणाच्या डब्या बांधल्या. आत सेन्सर. समोरून कुणी गेलं की सरांच्या संगणकावर त्या खिडकीचा ठिपका पेटायचा.

"कॅमेरा आहे का हो आत?" मी दरडावलंच.

"छे हो वहिनी! कुणीतरी गेलं, एवढंच कळतं त्याला. कोण गेलं ते कशाला कळायला हवं?"

"पण दोन डब्यांत अंतर किती ठेवलंत?"

"अंतर सोडा, शेजार सांगा!" हे त्यांचं पालुपद.

माझ्या खिडकीची डबी अंमळ हळवीच निघाली. दोरीवरची साडी उन्हात फडफडली की ठिपका पेटे आणि सर एका पायात चप्पल अडकवून धावत येत. "कोण गेलं, वहिनी?"

"माझी इरकल," मी म्हणायची. गल्ली खो खो हसायची. सर हसत नसत. माणसाला एवढी कसली घाई, असं वाटून मला रागच यायचा.

ती घाई मला वैशाखातल्या एका दुपारी कळली. गल्लीत चिटपाखरू नव्हतं. सर बनियनवरच दारात आले. "वहिनी, हिला पाहिलंत? हल्ली तिला काही आठवत नाही. उठून चालू लागते." एवढ्या वर्षांच्या शेजारात त्यांनी हे प्रथमच सांगितलं.

त्यांनी डोळे मिटले आणि हवेत बोटानं गोल काढला. "तुमचा ठिपका एकदाच पेटला. बोळांच्या तोंडांवरचा एकही नाही. म्हणजे ती बाहेर गेलेली नाही. कड्याच्या आतच आहे, जिथे आपली डबी पोचत नाही तिथे."

तसं भोक एकच होतं, शाळेचं फाटक. सुट्टीमुळे शाळेत कुणी नव्हतं. काकू पायरीवर बसल्या होत्या, मांडीवर सरांचा जुना जेवणाचा डबा. मला पाहून त्यांनी विचारलं, "मास्तर कोठे शेतस?" काकू नामपूरच्या. सगळं विसरल्या तरी अहिराणी राहिली होती.

सर तर समोरच उभे होते. काकूंनी त्यांच्याकडे पाहिलं आणि परक्या माणसासमोर घेतात तसा पदर सावरून घेतला.

सर तसेच मागे फिरले. घरी जाऊन इस्त्रीचा सदरा घालून आले, पिंपळामागून वळसा घेऊन शाळेच्या मागच्या दारानं आत शिरले, आणि शाळा सुटल्यासारखे फाटकातून बाहेर आले.

काकूंचा चेहरा उजळला. "कितला उशीर! वाट देखी देखी थकी गऊ मी." डबा रिकामा होता. दोघं तो हातात धरून घरी गेले आणि मी पदर तोंडात कोंबून रडले.

मग रोज पाचला हेच. सर मागून आत, काकू पुढे पायरीवर. मी म्हटलं, "सर, फाटकालाही एक डबी लावा की. भोक बुजेल."

"नको वहिनी, राहू द्या ते. तिथेच तेवढी ती मला ओळखते."

त्या दिवसापासून मी साड्या घरात वाळत घालू लागले.

आता मी नाशिक रोडला असते. सर नाहीत, काकू नाहीत. बाल्कनीत साड्या मनसोक्त फडफडतात, पण कोण गेलं ते विचारायला कुणी धावत येत नाही.